मेनू ठरवण्याआधी

कोल्हापूरजवळच्या उचगावसारख्या गावासाठी सेवांची वेबसाइट करायची म्हटलं, की आधी हाती पडते ती विभागांची यादी. तीच मेनूत चिकटवायचा मोह होतो. पण येणाऱ्याला विभाग माहीत नसतो, काम माहीत असतं. त्याला ‘उतारा’ हवा असतो. शेताचा असेल तर सातबारा, महसूल खात्याकडे. गावठाणातल्या घराचा असेल तर नमुना ८, ग्रामपंचायतीत. सिटी सर्व्हे झालेली जागा असेल तर मालमत्ता पत्रक, म्हणजे भूमी अभिलेख खात्याकडे!

म्हणून माझ्या आराखड्याचं पहिलं पान माणसांचं असतं. इथे शेतकरी आहेत, शिरोली एमआयडीसीत पाळीवर जाणारे आहेत, गांधीनगरच्या कापडपेठेत राबणारे आहेत, भाडेकरूही आहेत. सगळ्यांना मत विचारायला दुपारी बोलावलं तर रिकामे तेवढेच येतात आणि त्यांचंच म्हणणं गावाचं म्हणून कागदावर चढतं.

महा ई-सेवा केंद्राचा चालक हे वेगळंच प्रकरण. साइट खरी वापरतो तो तोच. रस्ते त्याला पाठ, त्यामुळे चाचणीला तो नको. पण गिऱ्हाईक समोर बसल्यावर पहिलं वाक्य काय बोलतं, ते त्यालाच विचारावं.

मग कार्डं. एकेका कार्डावर एकेक सेवा, माणसाने आपल्या मनाने ढीग लावायचे. एखादी आई जन्माचा दाखला जातीच्या दाखल्याशेजारी ठेवते, कारण दोन्ही शाळेला लागतात. दुसरा कुणी तो मृत्यूच्या दाखल्याजवळ ठेवतो. दोघंही बरोबर. ‘असं का?’ विचारायला वेळ राखून ठेवावा, खरा माल तिथेच मिळतो. वेबसाइट वापरून बघायला ५ जण पुरेत म्हणणाऱ्या वापरसुलभतेच्या तज्ज्ञ जेकब निल्सन यांनी २००४ मध्ये कार्डांसाठी मात्र १५ सुचवले. तयार साइटमधल्या खोड्या चारदोन माणसांत उघड्या पडतात; इथे प्रत्येक डोक्यातली मांडणीच वेगळी.

शेवटी मेनूची नुसती नावं दाखवून, रंग-चित्रांशिवाय, वाट शोधायला लावायची. प्रश्नात मेनूतला शब्द येता कामा नये. ‘मालमत्ता कर कुठे भराल?’ विचारलं की माणूस अक्षरं जुळवतो. कोल्हापूरकर तर घरफाळा म्हणतो. त्यापेक्षा ‘घराचे यंदाचे पैसे पंचायतीत भरायचेत, कुठे दाबाल?’ असं विचारावं. पहिल्यांदा कुठे दाबलं आणि किती वेळा मागे यावं लागलं, एवढं टिपलं तरी पुरे.

असं काम तुमच्याकडे आलं, तर आधी एक सकाळ ई-सेवा केंद्रात बसा. जमल्यास जूनमध्ये, शाळाप्रवेशाच्या दाखल्यांची गर्दी असते तेव्हा.