दुसऱ्याच्या धाब्यावर

ग्रानादाहून निघालेली बस वळणं घेत डोंगर चढत होती आणि मी वहीत उतरवलेले चाळीस स्पॅनिश शब्द घोकत होतो. स्पेनच्या दक्षिणेला सिएर्रा नेवादाच्या उतारावर आल्पुहार्रा नावाचा मुलूख आहे. तिथल्या पोकेइराच्या दरीत एकावर एक तीन पांढरी गावं आहेत : पाम्पानेइरा, बुबिओन आणि कापिलेइरा. खालचं साधारण हजार मीटर उंचीवर, वरचं चौदाशेच्या पुढे. पाम्पानेइराला उतरलो तेव्हा तीन वाजले होते. दुकानाच्या दारावर पाटी होती, 'सेर्रादो'. पुढच्या दारावरही सेर्रादो. मला वाटलं, या सेर्रादोंचं गावात बरंच प्रस्थ दिसतंय. चौथ्या दारापाशी कडी वाजवून पाहिली तेव्हा उमगलं, सेर्रादो म्हणजे बंद. गाव दुपारचं जेवून पडलं होतं.

उपाशीपोटीच बुबिओनची पायवाट धरली. वरून काठी टेकत एक आजोबा येत होते. मी 'ओला' म्हणायला तोंड उघडलं, तोच ते म्हणाले, "अदिओ!" म्हणजे अदिओस, त्यातला शेवटचा 'स' आंदालुसियाच्या रिवाजाप्रमाणे गिळलेला. हा निरोपाचा शब्द, एवढं मला येत होतं. ओळख व्हायच्या आत निरोप? पुढं भेटलेल्या बाईही तेच म्हणाल्या. गावाला मी नकोसा झालोय या खात्रीनं अर्धा चढ चढलो. मग लक्षात आलं, वाटेत न थांबता जाणाऱ्याला इथं असाच राम राम घालतात. घरातून निघताना 'येतो' म्हणणाऱ्या मराठी माणसानं हे मनाला लावून घेतलं होतं.

बुबिओनला पोचेपर्यंत पायांचे तुकडे पडले. गल्लीच्या कडेला करड्या मातीची छान सपाट जागा दिसली. समोर दरी, टेकायला एक गोल पांढरा खांब, खांबाच्या डोक्यावर टोपीसारखा दगड. पाठ टेकली, तर खांब कोमट लागला. तेवढ्यात पायांखालून बाईमाणसाचा आरडाओरडा ऐकू आला. मी एका घराच्या छपरावर, त्यांच्या धुराड्याला टेकून बसलो होतो. गाव इतकं उभ्या उतारावर वसलंय, की खालच्या घराचं छप्पर वरच्या गल्लीच्या पातळीला येतं. नियम धाब्यावर बसवणारे पुष्कळ पाहिलेत, इथं मी स्वतःच बसलो होतो.

बाई वर आल्या, सत्तरीच्या असाव्यात. माझा चेहरा पाहून राग निवळला. शेजारच्या तरुणाला थोडं इंग्रजी येत होतं, त्यानं समजावलं. खाली चेस्टनटच्या लाकडाच्या तुळया, त्यांवर दगडी फरश्या आणि वर 'लाउना' नावाची करडी माती. ही माती भिजली की दाटून बसते, मग खाली पाणी उतरत नाही. पण तिच्यावर कुणी नाचलं की घर गळलंच. साक्री तालुक्यात माझ्या आजीचं घर धाब्याचं, म्हणजे मातीच्या सपाट छपराचं होतं. तीही पांढऱ्या मातीच्या त्या धाब्यावर आम्हाला पळू द्यायची नाही, आणि शब्द कळत नसले तरी बाईंचा सूर तोच होता. आजीचं ते ओरडणं मला चाळीस वर्षांनी, तेही स्पॅनिशमधून समजलं.

प्रायश्चित्त म्हणून गावाचं काहीतरी भलं करावं असं मनात आलं. पुढच्या वाटेवर एक चारी काठोकाठ वाहत होती आणि बाजूच्या शेतात पाणी पसरत होतं. शेतात खोरं घेऊन उभ्या असलेल्या गृहस्थांना मी खाणाखुणा करून सांगितलं, पाणी वाया जातंय! ते हसले, हातातल्या घड्याळावर बोट ठेवलं. त्यांची पाळी चालू होती. सोबत आलेल्या त्या तरुणानं सांगितलं, ही 'आसेकिया', अरबी 'साकिया'वरून आलेला शब्द. आपल्या गझलांतला प्याले भरणारा साकी याच घराण्यातला. हे पाट मुसलमानी अमदानीतले. १४९२मध्ये ग्रानादाचं मुसलमानी राज्य पडलं. पुढे १५६८मध्ये इथल्या मोरिस्को लोकांनी, म्हणजे सक्तीनं ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांनी, बंड केलं. ते मोडल्यावर त्यांना इथून हाकललं आणि उत्तरेकडून माणसं आणून वसवली. लोक बदलले, पाट तेच राहिले. डोंगरात अजून वर तर काही पाटांतून बर्फाचं पाणी मुद्दाम मुरवतात, म्हणजे उन्हाळ्यात खालचे झरे वाहतात. छपरानं गळायचं नाही, पाटानं मात्र गळायचं. आमच्या साक्रीकडच्या पांझरा नदीच्या फडावर पाळीनं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्यानं हे एका दमात ओळखलं असतं. मी गळती दाखवायला गेलो होतो.

कापिलेइरात रात्री खाणावळ उघडली. "सिन कार्ने," मी वहीतून वाचलं, मांस नको. 'गरिबाचे बटाटे' आले. ऑलिव्ह तेलात मिरची-कांद्याबरोबर शिजवलेले, आणि त्यांवर लालसर तुकडे. हामोन, म्हणजे खारवलेली डुकराची मांडी. खाणावळवाल्या बाईंच्या मते ते कार्ने नव्हतंच, हामोन होतं. शेजारचं त्रेवेलेस गाव त्याच्यासाठीच प्रसिद्ध आहे. तुकडे बाजूला सारून जेवलो. मग त्यांनी विचारलं, "पागार?" मी हसून मान हलवली, पगार कुणाला नको असतो? त्या थांबूनच राहिल्या. पागार म्हणजे पैसे चुकते करणं. हाच शब्द पोर्तुगीजांकडून मराठीत आला, तेव्हा आपण घेणाऱ्याच्या बाजूनं उभे राहिलो.

तर आल्पुहार्राला जाणार असाल, तर दुपारी दुकानं बंद व्हायच्या आत खायचं घेऊन ठेवा. 'सिन कार्ने'च्या जोडीला 'सिन हामोन'ही पाठ करा. आणि बसायला सपाट जागा दिसली, तर आधी जवळपास धुराडं आहे का ते पाहा.