तलवार परत आली, पण पाटीवर काय लिहिणार?



नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक रघुजी भोसले यांची तलवार राज्य सरकारने लंडनच्या लिलावात 47.15 लाख रुपयांना घेतली. 18 ऑगस्ट 2025 रोजी ती मुंबईत आली. पनवेलमधल्या आमच्या अभ्यासवर्गात एका मुलाने मोबाईलवर त्याचा व्हिडिओ दाखवून विचारलं, "दादा, यात आपलं काय?"

आपलं आहे. वस्तू धनिकाच्या कपाटात असली की तो ती कुणाला दाखवेल, कुणाला विकेल, ही त्याची मर्जी. ती जनतेच्या पैशाने संग्रहालयात आली की तिच्याखालच्या पाटीवर काय लिहिलंय, हे विचारण्याचा हक्क तुम्हाआम्हाला मिळतो. म्हणून खरेदीला माझा विरोध नाही. माझा सवाल पाटीचा आहे.

त्या पाटीवर फक्त 'शौर्य' लिहिणार का? 1742 पासून रघुजींच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. गावं लुटली, जाळली. 1751 च्या तहात बंगालच्या नवाबाने वर्षाला 12 लाख चौथाई कबूल केली, तेव्हा कुठे ते थांबलं. 'बर्गी' आले, ही भीती बंगाली अंगाईत आजही जिवंत आहे. ज्यांची घरं जळाली त्यांचीही ओळ पाटीवर हवी. फक्त जेत्याने लिहिलेल्या इतिहासात आपलं काय होतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

हाच नियम आपल्यालाही लागू आहे. कोरेगावचा स्तंभ कंपनीने स्वतःच्या विजयासाठी उभारला. पण तो उघड्यावर उभा राहिला, त्यावर महार सैनिकांची नावं राहिली, म्हणून 1 जानेवारी 1927 ला बाबासाहेब तिथे जाऊ शकले. तोच स्तंभ एखाद्या साहेबाच्या बागेत असता तर? मात्र तिथे मानवंदना देताना हेही सांगायला हवं, की ज्या इंग्रजांसाठी आपले लोक लढले त्यांनीच पुढे लष्करभरतीचे दरवाजे आपल्याला बंद केले. अर्धा इतिहास सांगणारे आपणही होऊ नये.

आता माझी चूक सांगतो. माझे आजोबा महार रेजिमेंटमध्ये होते. दुसऱ्या महायुद्धातलं त्यांचं पदक आजीच्या पत्र्याच्या पेटीत असायचं. आजीच्या आजारपणात पितळेच्या भांड्यांबरोबर तेही भंगारात गेलं. मी तेव्हा कॉलेजात होतो. घरात होतो, पण अडवलं नाही. पुढे समाजशास्त्रात एम.ए. केलं, इतिहासावर भाषणं दिली. घरचा इतिहास मात्र किलोच्या भावाने गेला. आज कुणा शौकिनाच्या कपाटात तो असेल तर त्याच्यालेखी ते फक्त एक जुनं पदक. आजोबांचं गाव, त्यांची जात, त्यांनी लष्कर का गाठलं, हे त्याला कोण सांगणार?

तेव्हा सरकारला पाटीचा जाब विचारूच. पण आज घरी जाऊन आधी आजीची पेटी उघडा. पदक, पेन्शनचं पुस्तक, फोटो, जे सापडेल त्याची नोंद करा. आजी सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा, आणि गावच्या विहारात एक काचेचं कपाट त्यासाठी मागा. आपली पाटी आपणच लिहिली पाहिजे.

जय भीम!