तेलीकाकांची विहीर

माझी थोरली लेक ठाण्याला राहते. तिच्या इमारतीत तळमजल्यावर एक बेने इस्रायली आजी आहेत. गेल्या वर्षी सुगी आटपून लेकीकडे गेलो, तर आजी म्हणाल्या, "अलिबागकडचे ना तुम्ही? मग चला की. आमच्या समाजाचा चित्रपट महोत्सव आहे. सगळे आमच्याच लोकांवरचे पिक्चर." मी कसला जातोय! पिक्चर पाहिले ते जत्रेतल्या तंबूत. पण आजी पुढं म्हणाल्या, "शनिवारी आहे, पण दिवेलागणीनंतर. आमचा शब्बाथ सुटला की." हे ऐकलं आणि मी पायात चपला घातल्या.

आमच्या घराला लागून तेलीकाकांचं घर होतं. त्यांना गावात शनवार तेली म्हणत. शनिवारी घाणा बंद. बैलसुद्धा झापडं काढून दावणीला रवंथ करत उभा. मी लहानपणी विचारायचो, बैल आजारी आहे का? आई म्हणायची, "नाय रे, आज त्यांचा शनवार हाय. बैलाला पण सुटी." आमच्या बैलांना अशी सुटी नव्हती, म्हणून मला त्या बैलाचा हेवा वाटायचा. कधी नवस फेडायचा असला की मावशी मलिदा करायच्या. गोड पोहे, वर ओलं खोबरं नि फळं. एलियाहू हन्नाबीच्या नावानं प्रार्थना झाली की पहिली वाटी भिंतीवरून आमच्याकडे यायची.

ठाण्याचा हॉल भरलेला होता. कानावर मराठीच. ओळखी झाल्या. कुणी नवगावकर, कुणी किहीमकर, कुणी झिराडकर, कुणी रोहेकर. मला वाटलं, कंडक्टर आमच्या एस.टी.चे थांबे पुकारतोय.

आधी 'शालोम बॉलिवूड' दाखवला. सुलोचना म्हणजे रूबी मायर्स, नादिरा म्हणजे फ्लोरेन्स एझिकेल, 1947 सालची पहिली मिस इंडिया प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम, हे मला त्या दिवशी कळलं. चांगल्या घरच्या बायका सिनेमात काम करायला धजत नव्हत्या, त्या काळात या यहुदी मुली पडद्यावर आल्या. आणि 'बूट पॉलिश'मधले आमचे लाडके जॉन चाचा, ते डेव्हिड, म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल! आमच्या गावाहून सायकलनं जायच्या अंतरावर. आयुष्यभर पाहिलेला माणूस शेजारच्या गावचा निघाला.

दुसरा पिक्चर लहानसा होता, इस्रायलला गेलेल्यांचा. दिमोना नावाच्या वाळवंटातल्या गावात एक म्हातारी मलिद्याला खोबरं किसत मराठीत बोलत होती. 1962 साली तिथल्या मोठ्या धर्मगुरूंनी हुकूम काढला, की बेने इस्रायलींचं लग्न लावण्याआधी त्यांचं मागचं कूळ तपासा. म्हणजे, तुम्ही खरे यहुदी का? तेव्हा या लोकांनी जेरुसलेमात धरणं धरलं आणि 1964 साली तिथल्या संसदेनं ठराव केला, की हे पूर्ण यहुदी आहेत. म्हातारी सांगत होती, गावात आम्ही शनवार तेली होतो, इथं येऊन हिंदुस्थानवाले झालो. ती हसून सांगत होती, पण किसणीवरचा हात थांबला होता.

मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. या मावशी तर नव्हेत? नव्हत्या.

तेलीकाका 1969 साली गेले. गिरणीच्या तेलानं घाणा बसवला होता आणि भाऊबंद आधीच पुढं गेले होते. त्यांची वाडी, अठरा माड आणि विहीर, आमच्या बानं घेतली. नऊशे रुपयांना. तेवढ्यात तेव्हा एक बरी बैलजोडी यायची. काकांची जायची तारीख ठरलेली, दुसरं गिऱ्हाईक नाही. बा म्हणाला होता, "जाणाऱ्याला भाव नसतो." मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. त्याच विहिरीवर मी चाळीस वर्षं पांढरा कांदा काढला. लेकींची लग्नं त्या पाण्यावर झाली.

पिक्चर संपल्यावर बोलाचाली सुरू झाली. एका गृहस्थांनी मला विचारलं, "तुम्ही कुठले कर?" म्हटलं, "मी कर नाही. मी शेजारी." मग काय झालं कोण जाणे, मी उभा राहून वाडीची गोष्ट सांगून टाकली. आजींनी विचारलं, "भाव काय दिला?" आकडा फुगवून सांगावा असं क्षणभर मनात आलं. पण खरा सांगितला. हॉलमध्ये कुणी काही बोललं नाही. मग आजी म्हणाल्या, "आमच्या वडिलांनीही असंच विकलं." माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मी मागितलंही नव्हतं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "विहिरीला काय म्हणता?"

"तेलीकाकांची विहीर."

"अजून?"

"अजून."

"त्यांचं नाव काय?"

मला नाव सांगता येईना. नऊ-दहा वर्षं त्यांच्या ओट्यावर खेळलो, पन्नास वर्षं त्यांचं पाणी प्यालो, आणि माणसाचं नाव माहीत नाही.

गावी आल्यावर तलाठ्याकडे अर्ज केला. तीन खेपा झाल्या तेव्हा जुना फेरफार निघाला. त्यात काकांचं नाव, त्यांच्या वडिलांचं नाव आणि आडनाव मिळालं. यंदा विहिरीचा कठडा बांधून घेतला, तेव्हा ओल्या सिमेंटवर मी खिळ्यानं ते पूर्ण नाव लिहिलं. नातू शेजारी उभा राहून एकेक अक्षर वाचत होता. आडनावाशी आल्यावर तो थांबला. म्हणाला, "आजोबा, हे तर आपल्या गावाचं नाव आहे."

खरंच होतं. आमच्या गावाचं नाव आडनाव म्हणून लावणारं अख्ख्या गावात तेवढं एकच घर होतं.