काडतूस उसवताना

घोडा ओढला, ‘टक्’ आवाज झाला आणि बार उडालाच नाही, तर काय करायचं? नेमबाजीच्या मैदानावर नवख्या माणसाला हे सगळ्यांत आधी शिकवतात. नळी निशाणाकडेच रोखून धरायची, मनात तीसपर्यंत आकडे मोजायचे आणि मगच बोल्ट उघडायचा. आतली ठिणगी कधी कधी उशिरा पेट घेते, आणि तोवर बंदूक वळवली असेल तर बार भलतीकडे जातो. पेनसिल्व्हेनियातल्या आमच्या गावाबाहेरच्या मैदानावर मला हे आकडे पुन्हा पुन्हा मोजावे लागले, ते स्वस्तात मिळालेल्या एका पेटीमुळे. काडतुसं थर्टी-ऑट-सिक्सची, म्हणजे १९०६ साली अमेरिकी सैन्यानं स्वीकारलेल्या मापाची. त्यातली बरीच मुकी निघाली. एकाचा तर नुसता ‘फुस्’ आवाज आला. मी पुढचं काडतूस भरायला घेतलं तसा शेजारच्या गृहस्थांनी माझा हात धरला. बोल्ट काढून नळीतून पाहिलं, तर पलीकडचा उजेड दिसत नव्हता. गोळी नळीतच अडकली होती. तिच्यावर दुसरा बार उडाला असता तर नळी फुटली असती.

हे शेजारी निवृत्त टर्नर. तळघरात त्यांचं छोटं वर्कशॉप आहे आणि तिथे ते स्वतःपुरती काडतुसं भरतात. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस बनवणं शस्त्र कायद्यानं गुन्हा आहे. अमेरिकेत स्वतःच्या वापरापुरतं भरायला केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. उरलेली पेटी फेकून देऊ का, असं मी त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, “फेकू नकोस. यातलं निम्मं कामाचं आहे. पण कुठलं निम्मं, ते आधी शिकून घे.” ज्या काडतुसांच्या बुडावर बंदुकीच्या ठोका देणाऱ्या पिनेचा ठसा उमटला होता, ती त्यांनी तळघरात आणूच दिली नाहीत, ती मैदानावरच्या बाद काडतुसांच्या डब्यात गेली. एकदा ठोका खाल्लेल्या काडतुसाला दुसरा ठोका द्यायचा नाही, हा त्यांचा नियम. म्हणजे उसवायला घ्यायची ती मैदानावर अजून न वापरलेलीच.

काडतुसात चार गोष्टी असतात, एवढंही मला नीट माहीत नव्हतं. पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेली प्रायमर नावाची ठिणगीची टोपी, पोटात दारू आणि तोंडात घट्ट बसवलेली गोळी. हे चार वेगळे करायला एक प्लॅस्टिकचा हातोडा असतो. त्याच्या पोकळ डोक्यात काडतूस उलटं, गोळी खाली करून अडकवायचं आणि हातोडा ओंडक्यावर आपटायचा. दारूनं भरलेलं काडतूस आपटायचं, या कल्पनेनंच माझा हात उचलेना. शेजाऱ्यांनी समजावलं, की ठोका प्रायमरला बसतच नाही. हातोडा थांबतो, पुंगळी थांबते, पण जड गोळी आपल्या वेगानं पुढे जाते आणि निसटते. गावाकडे कुऱ्हाडीचा दांडा जमिनीवर आपटून पातं घट्ट बसवतात, तोच हा न्याय. फक्त पॉइंट टूटूचं काडतूस यात कधी घालायचं नाही, कारण त्याचा ठिणगीचा मसाला बुडाच्या कडेतच भरलेला असतो आणि नेमकी तीच कड हातोड्यात पकडली जाते.

माझे पहिले ठोके फारच हलके पडले. गोळी जागची हलली नाही. मग शेजाऱ्यांनी दोन गोष्टी दाखवल्या. गोळी आणि पुंगळीच्या मधे कारखान्यात कधी कधी डांबरासारखा लेप लावलेला असतो. काडतुसं भरायच्या प्रेसमध्ये काडतूस धरून गोळी आधी केसभर आत दाबली, की हा लेप ‘कट्’ आवाज करून सुटतो आणि मग गोळी सहज बाहेर येते. दुसरी गोष्ट म्हणजे कानात घालायचा फोमचा बोळा. तो हातोड्याच्या तळाशी ठेवला, की मऊ शिशाचं टोक आपटून चपटं होत नाही. बाहेर काढायचं असेल तर आधी आत ढकलावं लागतं, हे मला कधीच सुचलं नसतं.

सुटलेल्या गोळ्या मी तराजूवर ठेवल्या. इथे वजन ग्रेनमध्ये करतात. एका पौंडात ७००० ग्रेन, म्हणजे एक ग्रेन साधारण ६५ मिलिग्रॅम. पेटीवर गोळीचं वजन १८० ग्रेन छापलेलं होतं. हा आकडा कुठेतरी ऐकलाय असं वाटत राहिलं, आणि मग आठवलं. आपल्या सोनाराचा जुना तोळा. इंग्रजांनी १८३३ साली तोळा १८० ग्रेनचा ठरवला, म्हणजे ११.६६ ग्रॅम. समोरची गोळी बरोबर एक तोळ्याची होती. एक-एक करून वजन केलं, व्हर्निअरनं जाडी मोजली. गोळ्या सगळ्या चोख निघाल्या. दोष गोळीत नव्हता.

मग दारू. प्रत्येक पुंगळीतली दारू वेगळ्या वाटीत काढून मोजली. बहुतेक वाट्यांचं वजन जवळपास सारखं भरलं, आणि मग एक अशी आली की तिच्यात तळ झाकण्यापुरतीच दारू होती. नळीत गोळी कशी अडकली असेल, याचं उत्तर त्या वाटीत होतं. उरलेली दारू एका डब्यात भरून ठेवू का, असं मी विचारलं. शेजाऱ्यांनी स्पष्ट नाही म्हटलं. कारखाने जी दारू वापरतात ती दुकानात डब्यात मिळणाऱ्या दारूसारखीच असेल असं नाही. काळपट, बारीक नळकांड्यांचे तुकडे दिसायला सारखे असतात, पण एक जात सावकाश जळते आणि दुसरी झपाट्यानं. चुकीच्या जातीवर नेहमीचं माप भरलं, तर बंदुकीत दाब किती होईल हे कुणालाच सांगता येणार नाही. नुसत्या डोळ्यांनी दारू ओळखता येत नाही. आम्ही ती घरामागच्या हिरवळीवर पातळ पसरून टाकली. धूर न करणारी ही दारू मुख्यतः नायट्रोसेल्युलोजची, तिच्यात नायट्रोजन असतो. गवताला तो चालतो.

राहिल्या प्रायमर बसवलेल्या रिकाम्या पुंगळ्या. जिवंत प्रायमर उलट्या बाजूनं ढकलून काढायचा नाही, तेलात बुडवला तरी तो मेला असं धरायचं नाही. त्या पुंगळ्या मैदानावर नेऊन, रिकाम्याच बंदुकीत घालून एक-एक वाजवल्या. काही फटकन वाजल्या, काही मुक्याच राहिल्या. म्हणजे मुकेपणाचं मूळ प्रायमरमध्ये होतं. वाजलेले प्रायमर काढून शेजाऱ्यांनी भिंग दिलं. टोपीच्या आत तीन पायांची चिमुकली पितळी ऐरण असते. पिनेचा ठोका आणि ऐरण यांच्या मधे मसाला चिरडला, की ठिणगी पडते. एका टोपीत ही ऐरण चक्क तिरकी बसलेली होती. अशी ऐरण टोपीतच देण्याची पद्धत इंग्रज अधिकारी बॉक्सर याची. अमेरिकी कर्नल बर्डन याच्या पद्धतीत ऐरण पुंगळीचाच भाग असते आणि ठिणगीला दोन भोकं असतात. गंमत अशी, की अमेरिकेत बॉक्सरची पद्धत रुजली आणि युरोपातल्या सैन्यांत बर्डनची. आमच्या पुंगळ्यांच्या तळाशी मधोमध एकच भोक होतं, म्हणजे त्या सहज पुन्हा भरता येण्यासारख्या होत्या.

पुंगळ्या धुवायला मी घरातलं चकचकीत करणारं द्रावण घेऊन गेले. बाटलीवरचा अमोनिया शब्द वाचून शेजाऱ्यांनी ती बाजूला ठेवली आणि एका जुन्या पुंगळीच्या गळ्यावरची केसासारखी चीर दाखवली. पुढे त्यांनी सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले, कारण ही चीर पहिल्यांदा लक्षात आली ती हिंदुस्थानात. इंग्रजांच्या फौजेची पितळी काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांत साठवत, आणि पावसाळा सरेपर्यंत ती तडकलेली निघत. कारण सापडलं १९२१ साली. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि दमट हवा, शिवाय गार पितळ ओढून पुंगळी घडवताना धातूत राहिलेला ताण, हे एकत्र आले की पितळ चिरतं. घडवल्यानंतर हलकी धग दिली, की तो ताण निघून जातो. काडतुसाच्या पितळेत ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. जस्ताचं प्रमाण असं भरपूर असलेल्या पितळेला अमोनिया सोसत नाही. आपल्या पावसाळ्यानं जगाला धातूशास्त्राचा एक धडा दिला, आणि तो मला पेनसिल्व्हेनियाच्या तळघरात समजला.

काम संपल्यावर हात साबणानं कोपरापर्यंत धुवायचे, तळघरात काही खायचं नाही. प्रायमरच्या मसाल्यात शिसं असतं आणि त्याची काजळी बोटांना लागते. चार भागांपैकी दोन वाचले, गोळ्या आणि पुंगळ्या. ते वाचले कारण त्यांचं वजन करता आलं, माप घेता आलं, चीर आहे का ते भिंगाखाली पाहता आलं. दारू आणि प्रायमर मी आता नावानिशी, लॉट नंबर असलेल्या डब्यांतूनच घेणार आहे. भरणीच्या पुस्तकात दिलेलं सगळ्यांत कमी माप ही माझी सुरुवात असेल, आणि प्रत्येक पुंगळीत दारू पडल्यावर, गोळी बसवण्याआधी, मी दिवा धरून आत पाहीन.