शिकाऊ हातांचा दवाखाना

सरकारी इस्पितळातून परतलेल्या आमच्या मोहल्ल्यातल्या बायका हमखास म्हणतात, 'बड़े डाक्टर ने कहाँ देखा? बच्चोंनेच देखा!' हे 'बच्चे' म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयातली शिकाऊ मुले. या बोलण्यातली तक्रार खोटी नाही. शिकणाऱ्याचा हात गरिबाच्याच अंगावर का बसावा, हा सवाल तिच्यात दडलेला आहे.

आम्हा मास्तरांना तो टाळता येत नाही. बी.एड.ला असताना आम्हीही सराव पाठ घेतले, ते कुणा बड्या शाळेत नव्हे, मजुरांच्या मुलांच्या वर्गात. हाती टाचणवही, मागच्या बाकावर निरीक्षक आणि समोर कुणाची तरी लेकरे. आमचा पाठ फसला तर आमचे गुण जाणार होते. त्या लेकरांची मात्र तासिका जाणार होती.

म्हणूनच 'उम्मा'ची हकिकत आम्हाला मोलाची वाटते. 1992 साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला भीषण दंगल झाली. शहराच्या दक्षिण भागात आधीच गरिबी, त्यात राखरांगोळी. तिथल्या दोन वैद्यकीय विद्यापीठांतल्या मुस्लिम विद्यार्थ्यांनी ठरवले, या वस्तीत मोफत दवाखाना काढायचा. 1996 साली तो सुरू झाला. 'युनिव्हर्सिटी मुस्लिम मेडिकल असोसिएशन' या इंग्रजी नावाची आद्याक्षरे जुळवली की 'उम्मा' होते. उम्मा म्हणजे आपली जमात, असे आपण समजतो. या उम्माच्या दारात आलेले बहुतेक रुग्ण मात्र स्पॅनिश बोलणारे आणि कृष्णवर्णीय होते, मुसलमान थोडेच. खिदमत करताना मजहब विचारायचा नसतो, हे या पोरांनी तकरीर न करता दाखवले. पुढे या दवाखान्याला केंद्र सरकारची मान्यता मिळाली आणि आज ते रीतसर आरोग्य केंद्र आहे.

अमेरिकेत विद्यार्थ्यांनी चालवलेले असे दवाखाने पुष्कळ आहेत. विद्यार्थी रुग्णाची हकिकत विचारतो, तपासतो, आपला अंदाज सांगतो. मग परवानाधारक डॉक्टर स्वतः खात्री करतो. औषधाच्या चिठ्ठीवर सही त्याचीच. नावनोंदणीपासून औषधांच्या हिशेबापर्यंतचा कारभार मुलेच पाहतात. स्वीडनमध्ये लिंकोपिंगला 1996 साली एक वॉर्डच असा सुरू झाला. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट होऊ पाहणारी मुले देखरेखीखाली तो मिळून सांभाळतात.

यात उणिवाही आहेत. मुले परीक्षा देऊन पुढे जातात, रुग्ण तिथेच राहतो. मधुमेहाच्या म्हाताऱ्याला दर खेपेला नवा चेहरा आणि पुन्हा पहिल्यापासून तीच हकिकत. शिवाय गरिबाला शिकाऊ डॉक्टर आणि श्रीमंताला तयार डॉक्टर, ही वाटणी हुकूमतीला फार सोयीची असते.

आपल्याकडे सेवाग्रामचे वैद्यकीय महाविद्यालय 1969 पासून आहे. तिथली मुले खेड्यात शिबिराला राहतात, काही कुटुंबे आपली म्हणून सांभाळतात आणि पुढेही त्या घरी जात राहतात. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने कुटुंब दत्तक घेण्याचा कार्यक्रम देशभरच्या एम.बी.बी.एस.च्या मुलांसाठी आणला. एकच घर पुन्हा पुन्हा गाठायचे, ही अट आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटते.

आमच्या शाळेतून उर्दूत दहावी केलेली एक मुलगी आज डॉक्टरकीला आहे. सुट्टीत भेटायला आली तेव्हा तिने सांगितले, 'सर, वॉर्डात एक दादी होती. साखर उतरेना. मोठ्या डॉक्टरांना ती काहीच बोलली नाही. मी जवळ बसून आपल्या बोलीत विचारलं, तेव्हा म्हणाली, रमजान लागल्यापासून गोळी बंद आहे, बेटा.' तिने ते वरिष्ठांच्या कानावर घातले आणि गोळीच्या वेळा बदलल्या. या मुलीकडे अनुभव नव्हता. वेळ होता, भाषा होती आणि चूक सावरायला मागे जाणकार माणूस होता.

शिकाऊ हाताला आमची हरकत नाही. तो हात एकटा सोडलेला नसावा आणि एकदा धरलेले मनगट त्याने मध्येच सोडू नये, एवढीच आमची मागणी आहे. आपल्या पोरी आता त्या वॉर्डांत पोहोचू लागल्या आहेत. त्यांच्या फीसाठी जकातीचा पैसा काढणाऱ्यांनी ही मागणीही त्यांच्या कानावर घालावी.