कार्पेट एरिया

भोसरीतला आमचा फ्लॅट कार्पेट ६२० स्क्वेअर फूट. बिल्डरने किती सांगितला होता, ते सोडा! परवा शनिवारी नेटवर इकॉलॉजिकल फूटप्रिंट काढायला बसलो. १९९० च्या दशकात कॅनडात विल्यम रीस आणि मॅथिस वॅकरनेगल यांनी मांडलेली कल्पना. आपलं खाणं, घर, पेट्रोल, शिवाय आपला धूर पचवायला लागणारं जंगल, सगळं जमिनीत मोजायचं. भारतीय सरासरी माणशी एक हेक्टरच्या आसपास, म्हणजे लाखभर स्क्वेअर फूट. एसी, बाइक धरून माझा आकडा त्याच्या दुप्पट निघाला. ईएमआय मात्र ६२० चाच.

गंमत म्हणजे यात पाणी थेट मोजत नाहीत. आणि आमच्या सोसायटीत सगळी भांडणं पाण्यावरून! नोव्हेंबर २०१९ पासून पिंपरी-चिंचवडला दिवसाआड पाणी सुरू झालं. पवना धरणातून नदीत सोडतात, रावेतला उचलतात. धरणापासून थेट बंद पाइप आणायला मावळातल्या शेतकऱ्यांचा विरोध होता. ९ ऑगस्ट २०११ ला बौरजवळ एक्स्प्रेसवेवर पोलिसांनी गोळीबार केला, तिघांचा जीव गेला.

माझे मामा पवन मावळातले. चारच दिवसांनी राखीपौर्णिमा होती. मामा आले, आणि मी शहाणा, “पण मामा, पाइपने गळती वाचेल ना?” म्हणून लॉजिक मांडत बसलो. मामा काहीच बोलले नाहीत. ग्लासातलं पाणी तसंच ठेवून उठले.

असो. परवा फोन करून त्यांना हा हिशोब सांगितला. म्हणाले, “हेक्टर-बिक्टर राहू दे. यंदा भातलावणीला येतोस का, ते सांग.”