अण्णांची शीळ

आपल्या बालाघाटच्या जुन्या मराठी घरांत नवा माणूस आला की हाती पाण्याचा पेला देतादेताच 'मूळचे कुठले?' हा प्रश्न होतो. कोणी भोसल्यांच्या काळी आले, कोणी रेल्वेबरोबर, कोणी भरवेलीच्या मॅंगनीजच्या खाणीबरोबर. 1956 साली नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडेच राहिलो, तेव्हापासून तर हा प्रश्न आपल्याला दोन्हीकडचे लोक विचारतात. आज मला जिच्या मुळाविषयी लिहायचे आहे ती मात्र एक शीळ आहे. आणि तिच्यापायी माझ्या हातून एका वडीलधाऱ्या माणसाचा झालेला अवमान आहे.

माझे थोरले काका, ज्यांना आम्ही सारे अण्णा म्हणत असू, छोट्या लाईनवर असिस्टंट स्टेशन मास्तर होते. गोंदिया-जबलपूर मार्गावरील लामता स्टेशनात त्यांची पुष्कळ वर्षे गेली. रात्रपाळीला कंदील, रजिस्टर आणि कंट्रोलचा फोन एवढीच सोबत. फोनची तार रुळांच्या कडेने खांबांवरून मैलोगणती गेलेली. अण्णा सांगत, मध्यरात्रीनंतर गाडी नसली आणि लाईनवर कोणी बोलत नसले की कानाशी धरलेल्या फोनातून एक शीळ येते. वरच्या सुरातून खाली उतरत जाते आणि विरते. इंजिनाची नव्हे, माणसाची नव्हे.

1969 साली मी नागपुरास बी.एस्सी.च्या वर्गात होतो. दिवाळीच्या सुट्टीत घरी आलो असता चार पाहुण्यांदेखत अण्णांनी ही गोष्ट काढली. मी नव्या विद्येच्या तोऱ्यात म्हणालो, "अण्णा, तारेला तोंड नसते. रात्रीच्या जागरणाने कान वाजतात. एकदा डॉक्टरांना दाखवा." पाहुणे हसले. अण्णाही हसले आणि सुपारी कातरू लागले. त्यानंतर त्यांनी शिळेचा विषय माझ्यासमोर कधी काढला नाही. 1981 साली ते गेले.

पुढे मी आयुष्यभर भौतिकशास्त्र शिकवले, पण अण्णांच्या शिळेची गाठ मला निवृत्तीच्या जवळ येऊन पडली. एका जुन्या ग्रंथात पहिल्या महायुद्धातील हकीकत वाचली. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिख बार्कहाउझेन शत्रूचे टेलिफोन चोरून ऐकण्याच्या कामी होता. जमिनीत रोवलेल्या तारांना वर्धक जोडून ऐकताना त्याला उतरत जाणाऱ्या शिळा ऐकू येत. आघाडीवरचे सैनिक म्हणत, हे तोफगोळे उडताना ऐकू येतात. बार्कहाउझेनने 1919 साली ते प्रसिद्ध केले. मी पुस्तक मिटले. ज्या मनुष्याला मी डॉक्टरकडे पाठवू पाहत होतो त्याचीच ही साक्ष होती.

या शिळेचे मूळ विजेत आहे. वीज कडाडली की प्रकाशाबरोबर रेडिओ-तरंगांचाही एक धक्का निघतो आणि त्यात सर्व कंप्रता एकदम असतात. त्यातला काही भाग आयनांबर भेदून वर जातो. तेथे पोकळी नाही. विद्युद्भारित कणांचा विरळ सागर आहे. यालाच प्लाझ्मा म्हणतात. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्ररेषा एका गोलार्धातून उठून कमानीप्रमाणे दुसऱ्या गोलार्धात उतरतात. तरंग त्या कमानीने जातो. प्लाझ्मात या तरंगांचे उंच सूर लवकर पोचतात, खालचे सूर रेंगाळतात. निघताना जो एक कडाका होता तो पोचेपर्यंत ताणला जाऊन सेकंद-दीड सेकंदाची उतरती शीळ होतो. केंब्रिजच्या ओवेन स्टोरी या तरुणाने 1953 साली हे उलगडले आणि शिळेच्या उतारावरून हिशेब मांडला की, पृथ्वीपासून हजारो किलोमीटर उंचीवरही त्या काळच्या समजुतीहून कितीतरी अधिक इलेक्ट्रॉन असले पाहिजेत. अग्निबाण तेथवर पोचण्यापूर्वी हे कळले, तेही शीळ ऐकून! मला हा भाग अजूनही चमत्कारासारखा वाटतो.

हे ऐकण्यास रेडिओ लागत नाही. तरंग विद्युत्चुंबकीय असले तरी त्यांची कंप्रता आपल्या कानांच्या पट्ट्यातलीच आहे. लांब तार आणि कानाचा फोन असला की पुरे. अण्णांपाशी दोन्ही होते.

सगळ्याच आवाजांचे मूळ विजेत नाही. उत्तरेकडील देशांत पहाटेच्या सुमारास किलबिलीसारखा गलका ऐकू येतो. त्याला कोरस म्हणतात. त्याचे सूर उतरत नाहीत, चढतात. सूर्याकडून येणाऱ्या वाऱ्याने चुंबकावरणाची रात्रीकडील लांब शेपटी ताणली जाते, आणि ती सुटली की इलेक्ट्रॉनांचे लोंढे पृथ्वीकडे फेकले जाऊन पूर्वेकडे, म्हणजे पहाटेच्या बाजूला, सरकतात. हे इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेतात. रेषेच्या दिशेने धावण्यापेक्षा गिरकीतच त्यांची शक्ती अधिक असली की ते ती शक्ती तरंगाला देऊ लागतात. गिरकीची लय आणि तरंगाची लय जुळली की झोक्याला योग्य वेळी हात लागावा तसा तरंग वाढतो. या चढत्या सुरांची बारीक घडण कशी होते, यावर अभ्यासकांत पुष्कळ वाद झाले. नवी मुंबईच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील गुरबक्ष लाखिना यांनी अमेरिकेतील ब्रूस त्सुरुतानी यांच्यासह 2010 साली दाखविले की, एकेका सुरात एकजीव लयीचे बारीक तुकडे असतात आणि ते इलेक्ट्रॉनांना फार झपाट्याने वाटेवरून ढळवितात.

ही संस्था म्हणजे जुन्या कुलाबा वेधशाळेची वारसदार. तेथे केरो लक्ष्मण छत्रे यांनी उमेदीच्या काळात नोकरी केली होती. 1859 सालच्या सप्टेंबरातील प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद तिथल्या दप्तरात आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार म्हणून चुंबकमापन अलिबागेस हलविले, आणि तिथली इमारत लोखंडाचा अंश टाळून बांधली. कोकणच्या सहलीत मी ती बाहेरून पाहून आलो. सोबतच्या मंडळींना समुद्र पाहायचा होता.

तिसरा एक आवाज आहे, नुसती सततची 'सूं'. त्याला हिस म्हणतात. पृथ्वीजवळच्या दाट प्लाझ्मात तो भरून असतो, आणि त्याचे मूळ कोणते यावर अनेक दशके एकमत नव्हते. कोणी विजेचे म्हणत, कोणी जागच्या जागी उपजलेले. 2008 साली जेकब बोर्टनिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गणिताने दाखविले की, बाहेरचा कोरस वाट वाकवून या दाट भागात शिरतो, तेथे अडकून फेऱ्या मारतो, आणि फिरता फिरता त्याचे वेगळे सूर एकमेकांत मिसळून जातात. पुढे उपग्रहांनी दोहोंचा संबंध टिपलाही. तरी सगळा हिस तिकडचाच, असे आजही कोणी म्हणत नाही. हे वाचून मला आमचे घर आठवले. तीन पिढ्यांपूर्वी वाईहून आलो म्हणतात, आणि आता आमची मराठी ऐकून वाईचा माणूस आम्हांला हिंदी भाषक समजतो.

एवढे कळल्यावर मोह असा झाला की, अण्णांच्या पुण्यतिथीस नातेवाइकांपुढे उभे राहून सांगावे, अण्णांनी आकाशाची शीळ ऐकली होती. टिपण तयारही केले. मग मास्तराची खोड आडवी आली. बालाघाटातून निघणारी क्षेत्ररेषा किती उंच जाते? आपण चुंबकीय विषुववृत्ताजवळ राहतो. ती रेषा जेमतेम काही शे किलोमीटर उठते आणि मालदीवच्या दक्षिणेकडे समुद्रात उतरते. एवढ्या ठेंगण्या कमानीत शिळेला ताणायला जागा कुठली? गुलमर्ग, नैनिताल, वाराणसी येथे बनारसच्या हिंदू विश्वविद्यालयाच्या मंडळींनी 1960 नंतर अशा शिळा नोंदविल्या खऱ्या, पण त्या जागा आपल्या उत्तरेला आहेत आणि तेथेही त्या कधीमधीच येतात. आपल्याकडे रात्री सर्रास ऐकू येतो तो ट्वीक: दूरच्या विजेचा तरंग जमीन आणि आयनांबर यांमध्ये आपटत हजारो किलोमीटर येतो आणि शेवटी 'टिव्' असा वाजतो. तो चुंबकावरणात जातच नाही. अण्णांनी तोच ऐकला असावा, असे ठरवून मी टिपण फाडले. दुसऱ्यांदा मी त्यांना खोटे पाडत होतो, यावेळी पुराव्यानिशी.

गेल्या वैशाखात पुतण्याच्या मुलाने लाकडी चौकटीवर तार गुंडाळून तिला वर्धक जोडून दिला. छोटी लाईन 2015 साली बंद झाली. लामत्यास आता मोठी लाईन आहे, वर विजेच्या तारा आहेत, आणि त्यांच्या गुणगुणीपुढे काही ऐकू येत नाही. म्हणून वस्तीपासून दूर, वैनगंगेच्या काठी एका ओळखीच्यांच्या शेतावर गेलो. अण्णांची लेक, आमची शांताताई, ब्याऐंशी वर्षांची. मीही येते म्हणाली. रात्री एकच्या सुमारास कानाला लावलेल्या फोनात कढईत मोहरी तडतडावी तसे ऐकू आले, आणि मध्येच 'टिव्', पुन्हा 'टिव्'. मी तिला म्हणालो, "ताई, अण्णा म्हणत ती शीळ हीच असावी बघ."

तिने फोन माझ्या हातून घेतला, डोळे मिटून बराच वेळ ऐकले.

"नाही रे," ती म्हणाली. "या चिमण्या. या रोज असायच्या. मी डबा घेऊन स्टेशनात जायची तेव्हा अण्णा मला ऐकवायचे. शीळ वेगळी. ती महिना महिना यायची नाही. तू आणखी थोडा वेळ थांब."

तिने शाल कानापर्यंत ओढली आणि फोन काही मला परत दिला नाही.